गोडवणीचं ढेकूळ

तेजूचा फोन आला तेव्हा ती हसत होती. ही गोष्ट रंजना मोकलला पुढे बरेच दिवस छळत राहिली.

"आये, आमच्या शेतान दगड उगवलाय," तेजू म्हणाली.

रंजना तेव्हा बांधावर होती. भरती निम्म्यावर आली होती आणि पाणी बांधाच्या पायथ्याशी चुळबुळत होतं. तिला वाटलं, पोरीला काहीतरी गंमत सुचलीय. सातवा महिना लागलेल्या बाईला काय वाटेल ते सुचतं.

"दगड कुठं उगवतात गो? कोणी टाकला असंल."

"टाकला नाय. पावर टिलरचं पातं मोरलं त्याच्यावर. सासरे बोलतात, आजपर्यंत या शेतान खडा लागला नव्हता. मी बोलले, खारीतली सून केलीत, आता भोगा." तेजू पुन्हा हसली. "आन गंमत ऐक ना. आपलं ढेकूळ जिथं पुरलं व्हतं, बरोबर तिथंच हाय तो."

रंजनानं पायाखालच्या बांधाकडे पाहिलं. "तिथं वास येतो का गो? गोठ्यासारखा?"

तेजूनं जरा आठवून पाहिलं. "हां, येतो थोरा. तुला कसं ठाऊक?"

उद्या येते, एवढं सांगून रंजनानं फोन बंद केला. ज्या बांधाला ती गेली चार वर्षं येता-जाता हात लावून नमस्कार करायची, त्याच्यावर बसायचीही आज तिला भीती वाटली.

माणखार कशाच्या आधारावर उभं आहे हे सांगितल्याशिवाय ही भीती कळायची नाही. गाव खाडीच्या काठावर, आणि शेतं भरतीच्या पाण्याहून खाली. मधे एक मातीचा बांध, बस्स. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला भात. जुन्या लोकांनी हा बांध चिखलानं घातला आणि चिखलानंच राखला. घरटी एक माणूस उधाणाच्या दिवसांत आळीपाळीनं फेरी घालायचा. खेकड्यानं बीळ पाडलेलं दिसलं की तिथं चिखलाचा गोळा, गोळ्यावर पेंढा, पेंढ्यावर पाय. बांध फुटला तर त्याला खांड जाणं म्हणत, आणि खांड गेली की सगळं गाव जेवतं ताट सोडून धावे.

पण समुद्र काही गप्प बसला नाही. तो वर्षागणिक चढत गेला, उधाणं बेभरवशाची झाली आणि चिखलाच्या गोळ्यांनी काही भागेना. खाडीपलीकडच्या दोन गावांत आता माणसं राहत नाहीत, तिवरांची झाडं राहतात. रंजनाचा नवरा बाळकृष्ण अशाच एका खांडीत उतरला, तो बाहेर आलाच नाही. त्यानंतर गावात घरं विकून जायची बोलणी सुरू झाली. पण ती घेणार कोण?

त्याच सुमाराला डॉ. समिना मुल्ला गावात आल्या. सूक्ष्मजीवांच्या अभ्यासक, माहेर रत्नागिरीकडचं, बोलणं कमी. आल्या आल्या भाषण न करणारा सरकारी प्रकल्प गावानं पहिल्यांदाच पाहिला. पहिला अख्खा हंगाम त्या गावकऱ्यांबरोबर बांधाच्या फेऱ्या करत होत्या, गुडघाभर चिखलात रुतत होत्या आणि जेवायला रंजनाकडे येत होत्या. मग त्यांनी आणि गावानं मिळून एक जिवाणू कामाला लावला. मिळून म्हणायचं कारण असं, की तो सापडला बांधाच्याच चिखलात, प्रयोगशाळेत त्याला नव्या खोडी शिकवल्या, आणि तो कधी, किती, कसा घालायचा हे गावानं बांधाच्या लहान लहान तुकड्यांवर घालून बघत ठरवलं.

त्याची करामत साधी होती. त्याला युरिया दिला की तो युरिया फोडतो. त्यातून अमोनिया निघतो, म्हणून गोठ्यासारखा वास. आणि कार्बोनेट निघतं. या कार्बोनेटची माती-पाण्यातल्या कॅल्शियमशी गाठ पडली की मातीच्या कणाकणांमध्ये चुनखडीचा सांधा बसतो. महिन्याभरात चिखलाचा दगड होतो. खेकड्याला बीळ पाडता येत नाही, लाटेला माती ओढता येत नाही. बायकांनी त्याचं नाव ठेवलं विरजण. थोडं लावलं की बाकीचं आपोआप लागत जायचं, तेव्हा नाव काही चुकलं नव्हतं.

हे विरजण बांधावरून शेतात उतरलं तर, हा प्रश्न गावानंच पहिल्या बैठकीत विचारला होता. शेतात युरिया असतोच. समिनाताईंचं उत्तर तयार होतं. जिवाणूच्या जनुकांत त्यांनी एक कुलूप बसवलं होतं. भोवती खारं पाणी असेल तोवर तो जगेल. गोडं पाणी लागलं की त्याच्याच अंगात विष तयार होऊन तो मरेल. बांधाला खाडीचं खारं पाणी, शेताला पावसाचं गोडं. शिवाय एक नियम केला, बांधाची माती बांधाबाहेर न्यायची नाही. रंजना बांध गटाची प्रमुख, त्यामुळे तो नियम सगळ्यांसमोर मोठ्यानं तिनंच वाचून दाखवला. त्यानंतर चार वर्षं माणखारच्या बांधाला एकही खांड गेली नाही.

आता ढेकळाबद्दल. माणखारला मुलीचं लग्न ठरलं की तिची आई बांधावरून एक ढेकूळ घरी आणते. ते बुडाला भोक असलेल्या मातीच्या परळात देवापुढे ठेवायचं आणि लग्नापर्यंत रोज सकाळी त्यावर विहिरीचं गोडं पाणी शिंपडायचं. आधी थेंबभर, मग चमचाभर, मग ओंजळभर. याला म्हणतात गोडवण. खारीतल्या पोरी बहुतेक वरच्या, गोड्या जमिनीच्या गावांत दिल्या जातात. ढेकूळ गोडवलं की पोरही तिकडे गोडीनं नांदते, अशी समजूत. लग्नानंतर ते सासरच्या शेतात पुरतात.

नियम करताना ही रीत कुणाच्या मनातही आली नाही. येणार कशी? मुलीची ओटी भरतात तेव्हा धान्याची वाहतूक केली असं कोणी म्हणत नाही. तेजूचं लग्न ठरलं, आणि मग मुलाकडची आजी वारल्यानं ते पुढच्या वर्षावर गेलं. तिचं ढेकूळ जवळजवळ वर्षभर देवापुढे गोडवत राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी रंजना एसटीनं आंबेटेपला पोहोचली. तेजूचं सासर तिथलं. तेजूचे सासरे नामदेव ठाकूर शेतातच भेटले. बोलका, हौशी माणूस. विहीणबाई आल्या म्हणून त्यांनी शहाळी उतरवून ठेवली होती.

"बघा तुमच्या पोरीची करणी," ते थट्टेनं म्हणाले. "कापणीला टोपलीएवढं होतं. मला वाटलं, कुणी सिमेंट सांडलं असेल."

आता ते अंगणाएवढं झालं होतं. वरून माती मातीसारखीच दिसत होती, फक्त फिकट. रंजनानं पाय ठेवला तर चप्पल वाजली. ती खाली वाकली आणि कापलेल्या भाताचा एक बुडखा तिनं दोन्ही हातांनी ओढला. तो उपटून आला तेव्हा त्याच्या मुळांवर पांढरी कवची बसलेली होती, आणि त्या कवचीत एक गांडूळ अडकून ताठ झालेलं होतं. वास नाकात शिरला. हा वास तिनं चार वर्षं समाधानानं घेतला होता. बांधावर हा वास आला की विरजण लागलं म्हणायचं आणि घरी जाऊन निवांत निजायचं. इथं, समुद्रापासून इतक्या लांब, गोड्या मातीत तो येत होता.

"सोमवारी कालव्याला पाणी सुटतंय," नामदेवराव सांगत होते. "उन्हाळी भाताला. पाणी बसलं म्हणजे नरम पडेल सगळं. युरियाही टाकून ठेवलाय."

"पाणी इथून कुठं जातं?"

"कुठं म्हणजे? माझ्या शेतातून खालच्या शेतात, तिथून त्याच्या खालच्या. उरलेलं नदीला. पूर्वीपासून तसंच."

रंजनानं खाली पाहिलं. एकाखाली एक, पायऱ्या उतराव्यात तशी शेतं नदीपर्यंत गेली होती. पाण्याबरोबर हे खाली जाईल, आणि प्रत्येक शेतात याच्यासाठी युरिया वाढून ठेवलेला असेल. दगडात भात रुजत नाही, हे सांगायला कुणा शास्त्रज्ञाची गरज नव्हती.

तेजू बांधाबांधावरून सावकाश चालत आली, अनवाणी. "आये, तू अशी पांढरी का परलीस?"

"एसटीनं त्रास झाला," रंजना म्हणाली. त्या दगडाचा तळहाताएवढा एक तुकडा तिनं पिशवीत गुंडाळून घेतला आणि शहाळं न पिताच परतीची गाडी धरली. सांगायला हवं होतं. पण पोरीच्या पोटाकडे पाहून तिनं ते गिळलं.

घरी आल्यावर तिनं एका माणसाला मात्र सांगितलं. शेजारच्याच घरात राहणारी तिची थोरली जाऊ, सुलभा. सुलभाचीही प्राची दोन वर्षांमागं सासरी गेली होती, ढेकूळ घेऊन.

सुलभानं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. "कोणाला बोलू नको."

"ताई, सोमवारी पाणी सुटंल."

"सुटू दे. आपण सांगितलं तर पयलं काय करतील? विरजण बंद. मग बांध काय तू पदरानं धरून ठेवणार हायस? भावजी कुठं गेले, इसरलीस?" सुलभाचा आवाज चिरका झाला. "आन तेजूला तिकरं कोण नांदवील? पायगुणानं शेताचा दगड केला बोलतील. सातवा महिना हाय पोरीला."

यातलं काहीच खोटं नव्हतं, हेच भयंकर होतं. रंजनाला एकीकडे काळ्या पाण्यात उतरणारा बाळकृष्ण दिसत होता आणि दुसरीकडे त्या दगडावर उभी असलेली तेजू. मग तिनं स्वतःला एक पळवाट काढून दिली. कदाचित ते आता मेलं असेल. पावसाळाभर गोडं पाणी प्यालंय, आता नुसता दगड उरला असेल.

तिनं तो तुकडा खलबत्त्यात फोडला, विहिरीच्या पाण्यात तीनदा धुतला, त्यात बागेतली चाळलेली माती आणि चिमूटभर युरिया घातला आणि वर झाकण ठेवलं. दिवसभर ती कामं करत राहिली आणि दर थोड्या वेळानं त्या भांड्याकडे बघत राहिली. मेलेलं असू दे, असं ती देवाला म्हणत होती. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी तिनं झाकण उचललं. वासानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. झाकण हातातून पडून घरभर घरंगळत गेलं.

मिठाच्या जुन्या कोठारात समिनाताईंची प्रयोगशाळा होती. रंजना तिथं गेली आणि तिनं भांडं टेबलावर ठेवलं. मग सगळं सांगितलं. तेजू, ढेकूळ, परळ, रोजचं पाणी.

समिनाताईंनी काचपट्टीवर थेंब घेतला. सूक्ष्मदर्शकाचं चित्र भिंतीवरच्या पडद्यावर आलं. त्यात बारक्या काड्या वळवळत होत्या. ताईंनी चित्र आणखी मोठं करून पाहिलं. मग त्यांनी आपला फोन काढून रंजनासमोर धरला. तेजूच्या लग्नातला फोटो होता. देवघर, परळ, परळात हळदकुंकू वाहिलेलं ढेकूळ.

"हा मी काढलाय," त्या म्हणाल्या. "किती गोड रीत आहे, म्हणून मैत्रिणींना पाठवला होता. ढेकूळ कुठलं, असं मी विचारलंसुद्धा नाही. माझंच विरजण माझ्यासमोर होतं, रंजनाताई, आणि मी बुंदीचे लाडू खात होते."

"पण कुलूप व्हतं ना त्याला?"

"होतं." ताईंनी खुर्ची ओढली. "असं बघा. कोट्यवधी जिवाणूंत एखाद्याचं कुलूप जन्मापासूनच बिघडलेलं असतं. आम्हाला ते माहीत होतं. पण एकदम गोड्या पाण्यात टाकलं की तोही मरतो, कारण त्याच्या शरीराला खाऱ्याची सवय असते, पाणी आत शिरून तो फुटतो. आम्ही शेकडो वेळा टाकून पाहिलं, प्रत्येक वेळी मेला. तुम्ही मात्र त्याला थेंबाथेंबानं गोडवलंत. रोज थोडं, वर्षभर. कुलूपवाले मरत गेले, बिनकुलपाचे गोड्या पाण्याला सरावत गेले. मला कुणी मुद्दाम करायला सांगितलं असतं ना, तर मीही ते असंच केलं असतं."

बोलताना त्या भांड्याचं झाकण लावत होत्या, काढत होत्या, पुन्हा लावत होत्या. रंजना त्या झाकणाकडे बघत होती. इतकी वर्षं उधाण आलं की ती या बाईच्या तोंडाकडे बघायची. ते शांत असलं की तिलाही धीर यायचा. आज तो धीर कुठं शोधायचा हे तिला कळेना.

"सोमवारी पाणी सुटलं तर?" तिनं विचारलं.

"मग ते कुठं थांबेल, हे मला सांगता येणार नाही."

"माराया काय लागतं?"

"आग. तेवढी माती उकरून भट्टीत भाजायची. पाणी लागायच्या आत." समिनाताईंनी डोळे मिटून उघडले. "आणि मला हे आज वर कळवावं लागेल. विरजणाची परवानगी जाईल. बांध पुन्हा तुमच्या हातावर येईल. मी तुम्हाला खोटा दिलासा देत नाही." मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची रंजनाला सगळ्यात जास्त धास्ती होती. "चार वर्षांत माणखारच्या मुली कुठंकुठं दिल्यात?"

बायकांची बैठक समाजमंदिरात भरली, समिनाताई भिंतीवर नकाशा लावून बसल्या. रंजनानं उभं राहून सांगितलं. नियम मी वाचला आणि मीच मोडला, हे आधी सांगितलं, मग बाकीचं. प्रत्येक आईच्या डोळ्यांसमोर आपापली मुलगी आणि आपापलं परळ असणार. कोणी म्हणालं, आमचं ढेकूळ लहानच होतं. कोणी म्हणालं, आम्ही पुरलंच नाही बहुतेक, आठवत नाही. एकजण उठून चालू लागली.

तेव्हा मागच्या रांगेतून सुलभा उभी राहिली. ती रंजनाकडे बघत नव्हती. "माझी प्राची," ती म्हणाली, "कोंडवली. नदीच्या काठाला शेत हाय. सहा महिने गोडवलं व्हतं." आणि ती खाली बसून रडायला लागली.

चालू लागलेली बाई दारातून परत आली. मग एकेकीनं सांगितलं. समिनाताई प्रत्येक गावाला भिंतीवरच्या नकाशात एक लाल टिंब देत होत्या. रंजनाला आजवर वाटायचं, माणखारच्या पोरी आसपासच तर आहेत. नकाशा तसं म्हणत नव्हता. टिंबं नदीच्या दोन्ही काठांनी वर चढली, घाट ओलांडून पलीकडे उतरली, एक तर पार गोदावरीच्या काठावर जाऊन बसलं. हाताच्या मुठीत मावणारी ढेकळं होती ती. खोलीत जमलेल्या आया आपल्या लेकींची घरं लाल झालेली बघत होत्या.

कालव्याचं पाणी थांबवायला कोणी सहजी तयार होईना. शेवटी समिनाताईंनी प्रकल्पाची चूक स्वतःच्या सहीनं लिहून दिली तेव्हा पंधरवड्यासाठी दरवाजे बंद झाले. आंबेटेपला नामदेवरावांच्या शेतात यंत्रं उतरली. कंबरभर माती उकरून निघाली आणि झाकलेल्या गाड्यांतून वीटभट्टीवर गेली. भट्टीच्या धुराला गोठ्याचा वास होता. नामदेवराव बांधावर बसून होते. त्यांच्या आजोबांनी डोंगरावरून मातीच्या पाट्या वाहून केलेलं शेत होतं ते. थट्टा करायचं ते विसरून गेले होते.

रंजना माती भरायला सगळ्यांच्या पुढे होती. तेजू ओट्यावरून बघत होती. पाण्याचा तांब्या घेऊन ती एकदाच जवळ आली.

"तू त्या दिवशी आलीस," तेजू म्हणाली, "वास घेतलास, तुकडा घेतलास आन मना काय बोलली नाहीस. मागून दोन दिवस मी त्याच्यावर अनवाणी फिरत व्हते. पोटात पोर घेऊन."

"तेजू, मना भीती वाटली गो."

"मना वाटली नसती? भीती वाटायला तरी सांगायचं." तिनं तांब्या खाली ठेवला. "आता फोन करू नको. मना वाटलं की मी करीन."

पुढचे दिवस रंजनानं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. लाल टिंबं एकेक करून तपासली गेली. बहुतेक ढेकळं महिन्या-दोन महिन्यांतच पुरलेली, त्यांत काही जिवंत नव्हतं. प्राचीच्या शेतात निघालं, आणि घाटापलीकडे आणखी एका ठिकाणी. तिथंही भट्ट्या पेटल्या. गोदावरीकाठचं शेत स्वच्छ आहे असं कळलं त्या दिवशी समिनाताईंनी कोठाराच्या पायरीवर बसून रंजनाच्या खांद्यावर डोकं टेकलं. विरजणाची परवानगी गेली होतीच. बांधावर जुना दगड होता तोवर ठीक, पण नवी भेग सांधायला आता फक्त चिखल आणि हात. बायका पुन्हा आळीपाळीनं फेऱ्या घालू लागल्या. चार वर्षांत हातांना सवय राहिली नव्हती. पुढच्या अमावास्येचं उधाण मोठं आहे असा इशारा आला होता, आणि रंजना जेवताना घास हातात धरून पाण्याचा आवाज ऐकत बसायची.

तेजूचा फोन एका दुपारी आला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

"आये, एक विचारायचं हाय. मी अंघोळीवरून येताना बघायची. तू ढेकळावर पाणी शिंपडायचीस, ते झिरपून परळाखालच्या ताटलीन जमायचं."

"हां."

"ते तू कुठं ओतायचीस?"

रंजना उत्तर द्यायला गेली आणि थांबली. देवापुढचं पाणी. ते मोरीत ओतत नाहीत. पायदळी जाऊ देत नाहीत. तिची नजर आपोआप उघड्या दारातून अंगणात गेली.

"आये?"

"तुळशीला," रंजना म्हणाली.

फोन ओट्यावर ठेवून ती अंगणात उतरली. तुळस चार पानांवर आली होती. थंडीनं वाळली असेल असं समजून ती रोज तिला पाणी घालत होती, आठवड्याला गोमूत्र घालत होती. वास यायचा, तो गोमूत्राचा म्हणून कधी मनावर घेतला नाही. तिनं मातीत बोट घातलं. ते नखभर आत गेलं आणि अडलं. तिनं तुळस बुंध्याशी धरून ओढली. अख्खी निघून आली, मुळांशी मडक्याएवढा पांढरा गोळा घेऊन. वृंदावनाच्या आतल्या बाजूला हात लावला तर तो खडकाला लागला, आणि तो खडक खाली, अंगणात, किती दूरवर गेला होता ते वरून दिसत नव्हतं. अंगणाच्या उतारावर विहीर होती. तीच विहीर सगळा वाडा प्यायचा. तिचं पाणी पावसाळ्यात वाहून शेतात जायचं. आणि मुलगी सासरी गेलेल्या प्रत्येक घरापुढे अशीच एक तुळस होती.

ती पडवीत गेली, कोपऱ्यातली कुदळ घेऊन आली आणि वृंदावनासमोर उभी राहिली. लग्न होऊन आली तेव्हा बाळकृष्णानं आपल्या हातांनी बांधलेलं होतं ते. दिवाळीनंतर तुळशीच्या लग्नाला तिनं या वृंदावनाला गेरू लावला होता. तिनं हात जोडले, आणि मग कुदळ उचलली.

पहिल्या घावाला सुलभा बाहेर आली. "काय करतंस रंजना? इटाळ होईल..." असं म्हणत ती कुंपणापाशी आली आणि तिनं ती पडलेली तुळस पाहिली, मुळांशी पांढरा गोळा असलेली. तिचं बोलणं तिथंच तुटलं. तिनं मान वळवून आपल्या अंगणाकडे पाहिलं. प्राचीच्या वेळची सहा महिन्यांची ताटली तिलाही आठवली असावी. ती आत गेली, आणि मागच्या दारातून पलीकडच्या घराला ओरडून तुळशीचं सांगताना ऐकू आली.

रंजना घाव घालत राहिली. विटा निखळत होत्या, आतून तो वास उसळून येत होता. थोड्या वेळानं शेजारच्या अंगणातून कुदळीचा आवाज आला. मग गल्लीच्या टोकाच्या घरातून. मग पलीकडच्या आळीतून, आणि तिथून बांधाकडच्या घरांतून. भर दुपारी सगळ्या माणखारात बाया आपापल्या तुळशी फोडत होत्या.

ओट्यावरचा फोन तसाच चालू होता. बऱ्याच वेळानं त्यातून तेजूचा बारीक आवाज आला.

"आये, मी हाय इथं. काय काय निघतंय ते मना सांगत जा."

रंजनानं कुदळ खाली ठेवली, फोन उचलला आणि जे दिसत होतं ते सांगायला सुरुवात केली.